दोन वर्षांनी लहान

ईशानी मुळ्ये धावायची नाही, चालायची. चालण्याचीही शर्यत असते हे दुर्गाघाटाच्या गल्ल्यांना तिच्यामुळेच कळलं. पुढचा पाय टेकला की गुडघा ताठ हवा आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटता कामा नयेत, सुटले तर पंच बाहेर काढतात. म्हणून चालणाऱ्याची कंबर अशी डुलते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला हसू आवरत नाही. ईशानी गल्लीत कधी तशी चालली नाही. मैदागिनपर्यंत साधी सरळ जायची आणि तिथून रिक्षानं सिगऱ्याच्या स्टेडियमवर. तरी एकदा तिचा फोटो वर्तमानपत्रात आला आणि पानाच्या ठेल्यावरची पोरं तिच्या मागून कंबर हलवत चालू लागली. तिला त्याचं काही वाटलं नाही. लाज वाटण्यासारखी गोष्ट तिच्याजवळ दुसरी होती, आणि ती त्या पोरांना माहीत नव्हती.

मुळ्यांचं घराणं काशीत सात पिढ्या. ईशानीचे वडील दिनानाथशास्त्री, घरात त्यांना अण्णा म्हणत, महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे तीर्थविधी करायचे. पण त्यांचं नाव होतं ते पत्रिकेसाठी. जन्मवेळेच्या बाबतीत ते फार कडक. 'पहाटेच्या सुमारास' असं कोणी म्हटलं की ते पंचांग मिटून ठेवायचे. सुमारास कोणी जन्माला येत नसतं, म्हणायचे, घरी जाऊन विचारून या. लोक निमूटपणे परत जायचे, म्हाताऱ्या आत्याला किंवा इस्पितळातल्या कागदाला विचारून यायचे, आणि मगच अण्णा मांडी घालून बसायचे.

ईशानी तेरा वर्षांची असताना तिला कावीळ झाली. महिनेच्या महिने ती अंथरुणाला खिळली आणि शाळेचं वर्ष बुडालं. आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी हिला चालवा. अण्णा तिला कंपनीबागेत घेऊन जायचे. सुरुवातीला ती त्यांच्या हाताला धरून चालायची, दोन महिन्यांनी अण्णा मागे पडू लागले, आणि चार महिन्यांनी बागेत व्यायामाला येणारे एक गृहस्थ अण्णांना येऊन भेटले. त्यांना सगळे राजबली सर म्हणत. मुलांना मैदानी खेळ शिकवायचे. म्हणाले, पंडितजी, तुमच्या मुलीची चाल देवानं दिलेली आहे, हिला माझ्याकडे द्या.

अण्णांनी दिली. शाळा बदलायची ठरली, आणि नव्या शाळेचा अर्ज भरताना राजबली सरांनी ती गोष्ट काढली. जन्माचं साल दोन वर्षांनी पुढे लिहा, म्हणाले. मुलं वयाच्या गटात खेळतात, दोन वर्षं कमी दिसली तर पोरगी चमकेल. सगळेच करतात. आजारपणात हिचं वर्ष गेलंच आहे ना, तर समजा देव ते परत देतो आहे.

गेलं होतं एक, परत घ्यायची होती दोन. अण्णांनी चार दिवस अर्ज तसाच ठेवला. पाचव्या दिवशी कचेरीत गेले, प्रतिज्ञापत्र करून आणलं, मग आधार कार्डावरही तेच साल घालून घेतलं. दिवस आणि महिना तोच ठेवला, साल तेवढं बदललं. ते पैशासाठी नव्हतं, नावासाठीही नव्हतं. पिवळी पडलेली, काडीसारखी झालेली लेक त्यांनी वर्षभर पाहिली होती. तिला काहीतरी जिंकताना पाहायची त्यांना घाई झाली होती. त्या संध्याकाळी त्यांनी ईशानीला समोर बसवलं आणि विचारलं, "जन्मसाल काय तुझं?" पहिल्यांदा ती अडखळली. दुसऱ्यांदा अडखळली नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, बारा वर्षांची नव्हे, आणि काय चाललं आहे ते तिला पूर्ण कळत होतं. पुढे तिनं हे स्वतःपाशी कधी नाकारलं नाही.

स्टेडियमवर तिला पुनिता साहनी भेटली. पुनिता प्रल्हादघाटाच्या नाववाल्याची मुलगी, काळीसावळी, उंच, बोलायला मोकळी. वयानं ईशानीपेक्षा एक वर्षानं लहान. पण कागदावर ईशानी तिच्यापेक्षा वर्षानं धाकटी होती, त्यामुळे पुनितानं पहिल्याच दिवशी तिला 'छोटी' म्हणायला सुरुवात केली. आणि म्हणून थांबली नाही, मोठ्या बहिणीसारखी वागू लागली. पाण्याची बाटली आधी छोटीला. उन्हात उभं राहायची वेळ आली की सावलीची जागा छोटीला. बाहेरगावी शर्यतीला जाताना गाडीत खालचा बाक छोटीला, आणि स्वतः वर. ईशानी घ्यायची. नको म्हणायला गेलं तर पुनिता रागवायची.

शर्यतीत मात्र पुनिता दरवेळी दुसरी यायची. कधी पंधरा सेकंदांनी, कधी आठ. ईशानी मेहनत करायची, यात खोटं काही नव्हतं. पावसात, धुक्यात, परीक्षेच्या दिवसांतही तिनं सराव चुकवला नाही. पुनितापेक्षा मी जास्त राबते, असं ती स्वतःला सांगायची. पण पुनिता घरचं पाणी भरून, भावंडांच्या पोळ्या लाटून यायची आणि तिच्याइतकीच राबायची, हेही तिला दिसत होतं. पुनितापेक्षा वर्षभर आधी वाढलेलं आपलं अंग शेवटच्या दोन फेऱ्यांत उपयोगी पडतं, हे तिच्या पायांना ठाऊक होतं.

ती बारावीत असताना हिवाळ्यात राज्याची अठरा वर्षांखालची निवड झाली. पहिली येईल तीच राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. ईशानी नऊ सेकंदांनी पहिली आली. पुनितानं रेषा ओलांडली ती थेट तिच्या गळ्यात पडली. ईशानी तेव्हा साडेअठरा वर्षांची होती. राष्ट्रीय स्पर्धेत तिला तिसरा क्रमांक मिळाला, आणि चैत्रात पुण्याजवळच्या एका कॉलेजातून फोन आला.

फोन श्रीनिवास सरांचा होता. त्या कॉलेजच्या क्रीडाविभागाचे ते प्रमुख. बारावीचा निकाल लागला की प्रवेश पक्का, म्हणाले. तीन वर्षांची फी, वसतिगृह, जेवण, बूट, प्रशिक्षक, सगळं कॉलेजकडून. चालण्याच्या शर्यतीसाठी मुलींची एकच जागा आहे आणि ती आम्ही तुला देतो आहोत. मग ते अण्णांशी बोलले. तुमची मराठी फार छान, जुन्या वळणाची आहे, म्हणाले. अण्णांना केवढा आनंद झाला. सात पिढ्यांपूर्वी मुळ्ये ज्या मुलखातून निघाले तिकडे त्यांची लेक मानानं बोलावली जात होती. संध्याकाळी त्यांनी ब्रह्माघाटापर्यंत जाऊन चार घरी सांगितलं.

कागद मेलवर आले. ईशानीनं मैदागिनच्या दुकानातून ते छापून आणले. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की वरील जन्मतारीख आणि सर्व माहिती खरी आहे असं आम्ही जाहीर करतो. खाली दोन सह्या, एक पालकांची आणि एक विद्यार्थिनीची. मुदत पंधरा दिवसांची. अण्णांनी चष्मा लावला, सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. ती म्हणाली, "नंतर करते."

आजवर असल्या कागदांवर अण्णांचीच सही पुरत असे. हा पहिलाच कागद होता जो तिची सही मागत होता. जायचं की नाही असं काही तेव्हा तिच्या मनात नव्हतं. जायचंच होतं. फक्त पेन उचलायचं राहून गेलं, मग ते दुसऱ्या दिवशीही राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुनिता आली. हातात लवंगलता मिठाईचा द्रोण, कपाळ घामानं चमकलेलं. तिनं ईशानीच्या आईच्या, इंदूबाईंच्या, पाया पडून द्रोण त्यांच्या हातात दिला. छोटी पुण्याला जाणार म्हणून तिनं प्रल्हादघाटावर सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ईशानी आत पाणी आणायला गेली आणि तेवढ्यात पुनिता बाहेरच्या खोलीत अण्णांसमोर जाऊन बसली. अण्णा पंचांग पाहत होते. तिनं हात जोडून विचारलं, पंडितजी, माझं जरा पाहाल का. पत्रिका नाही माझी, पण तारीख आणि वेळ मला माहीत आहे. सरकारी इस्पितळातला जन्म, पहाटे चार वाजून वीस मिनिटं, कागदावर लिहिलेलं आहे.

अण्णांनी विचारलं, काय पाहायचं आहे.

पुनिता म्हणाली, "छोटी हमसे छोटी है। मेहनत हम भी उतनी ही करते हैं। फिर हर बार हम पीछे क्यों रह जाते हैं? कोई दोष है क्या?"

आत ईशानी पाण्याचा लोटा हातात घेऊन उभी होती. दार उघडंच होतं. तिला वाटलं, अण्णा आता काहीतरी बोलून विषय टाळतील, वेळ नाही म्हणतील, पुढच्या आठवड्यात ये म्हणतील. अण्णांनी तसं केलं नाही. बराच वेळ पंचांगाची पानं उलटली, बोटांवर मोजलं, आणि खाली पाहूनच सांगितलं, "मीन राशि है तुम्हारी, बेटी। शनि की साढ़ेसाती चल रही है। उसी से रुकावट है।"

मग उपाय सांगितला. दर शनिवारी पिंपळाखाली तिळाच्या तेलाचा दिवा, काळे तीळ, आणि मनात रोष धरायचा नाही. पुनितानं विचारलं किती दिवस. अण्णा म्हणाले, काही वर्षं. ती म्हणाली करीन, आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मीन राशीला साडेसाती होतीच. अण्णांनी ती बनवली नव्हती. पण त्या नऊ सेकंदांचं उत्तर कुठल्याही पत्रिकेत नव्हतं. ते कचेरीतल्या एका कागदावर होतं, आणि त्या खोलीत ते दोघांना माहीत होतं. ईशानीनं पाणी नेऊन दिलं. पुनितानं आधी छोटीला घोट घ्यायला लावला, मग स्वतः प्यायली. ती गेल्यावर अण्णा उठले, खुंटीवरचं उपरणं घेतलं आणि घाटावर निघून गेले. जेवायला आले तेव्हा त्यांनी भात चिवडला आणि ताट बाजूला केलं. लवंगलतेचा द्रोण तसाच फळीवर राहिला. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या तेव्हा इंदूबाईंनी तो गंगेत सोडला.

शनिवारी सकाळी ईशानी राजघाटाच्या बाजूला सरावाला गेली होती. परतताना प्रल्हादघाटाच्या वरच्या बाजूला पिंपळाखाली तिला पुनिता दिसली. अनवाणी, ओले केस पाठीवर, हातात स्टीलची छोटी वाटी. वाऱ्यानं दिवा विझत होता, ती ओंजळीचा आडोसा करून पुन्हा लावत होती. ईशानी मागच्या मागे फिरणार होती, पण पुनितानं पाहिलं. हसून म्हणाली, "तुम्हारे बाबूजी ने बताया है। दक्षिणा भी नहीं ली हमसे।"

ईशानी "अच्छा" म्हणाली. पुनितानं तिला तीळ दिले आणि सांगितलं, तूही वाहा, तुला तर लांब जायचं आहे. ईशानीनं वाहिले. घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. वाटेत ओळखीच्या बाईनं पुण्याचं विचारलं तर तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. इतके दिवस हे तिच्या अंगात कुठेतरी बारीक खुपत होतं. आता ते खुपणं राहिलं नाही. जिथे हात लावावा तिथे तेच होतं.

त्या दुपारी ती अण्णांसमोर जाऊन बसली. अण्णा यजमानांच्या याद्या लिहीत होते. तिनं विचारलं, "तिला शनी का सांगितलात?"

अण्णांनी लेखणी खाली ठेवली. "साडेसाती आहे तिला. खोटं नाही सांगितलं."

"अण्णा."

त्यांनी चष्मा काढून यादीवर ठेवला. मग म्हणाले, "मग काय सांगायला हवं होतं मी? तूच सांग."

ते टोमणा मारत नव्हते. खरोखर विचारत होते. ईशानीनं आजवर अण्णांना कुणाला विचारताना पाहिलं नव्हतं. लोक त्यांना विचारायचे. त्या दिवशी दारात लोटा घेऊन उभी राहिलेली तीही बोलली नव्हती.

"तो कागद मी केला," अण्णा म्हणाले. "पाप असेल तर ते माझ्या खात्यावर. तू तेव्हा लहान होतीस. तू जा पुण्याला."

"तेव्हा लहान होते. आता सही माझी मागतायत."

इंदूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या शांत स्वभावाच्या बाई. घरात त्यांचा आवाज भांड्यांच्या आवाजापेक्षा मोठा नसायचा. दरवर्षी ईशानीच्या वाढदिवसाला त्या निरांजनानं ओवाळायच्या आणि खरी वर्षं मनात मोजायच्या. त्या म्हणाल्या, "ती दोन वर्षं माझी होती. हिला दात आले, ही चालायला लागली, पडून हिची हनुवटी फुटली. तुम्ही लिहून दिलंत की तेव्हा ही जन्मलीच नव्हती. मी तेव्हाही काही बोलले नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या. अण्णांनी पुन्हा लेखणी उचलली, पण ओळ काही पुढे सरकली नाही.

राजबली सरांना ईशानीनं सांगितलं की त्या कागदावर खोटी सही करवत नाही. ते चिडले नाहीत. समजावून म्हणाले, नसेल जायचं तर नको जाऊस. गुडघा दुखावला म्हणून कळव, प्रश्न मिटला. पण जुनं काही उकरू नकोस, त्यात तुझं जाईल, तुझ्या वडिलांचं जाईल, आणि माझ्याकडे आणखी बारा मुलं आहेत, त्यांचंही जाईल. त्या बारांत आणखी कोणाचे कागद तसे आहेत हे ईशानीनं विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं.

गुडघ्याची युक्ती तिला आवडली, हेही सांगायला हवं. दोन दिवस ती त्या विचारात बरीच हलकी होती. घरातल्या घरात थोडी लंगडलीसुद्धा. पुण्याला जायचं नाही, म्हणजे सही नाही, म्हणजे खोटं नाही. कोणाला काही कळायचं नाही. तिनं श्रीनिवास सरांसाठी निरोप लिहिला, सराव करताना गुडघा दुखावला आहे, डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली आहे. पाठवायच्या आधी तिच्या डोळ्यांसमोर आलं की हे पुनिताच्या कानावर जाणार. पुनिता लगोलग येणार, मोहरीचं तेल गरम करून आणणार, खाली बसून छोटीचा गुडघा चोळणार. आणि आपण पाय पुढे करणार. ईशानीनं निरोप पुसून टाकला.

तेराव्या दिवशी तिनं गच्चीवर जाऊन फोन लावला. श्रीनिवास सरांनी उत्साहानं विचारलं, कागद अजून आले नाहीत, काही अडचण आहे का. तिनं सांगितलं. ओळ पाठ केली होती तरी मधेच तुटली. माझं वय कागदावर दोन वर्षांनी कमी आहे, म्हणाली. मी त्या गटात नव्हतेच. श्रीनिवास सरांनी विचारलं, "हे तू आत्ता का सांगतेस?"

ते रागावून विचारत नव्हते, थकल्यासारखं विचारत होते. म्हणाले, जागा तुला देता येणार नाही, आणि मला हे मैदानी खेळांच्या संघटनेला कळवावं लागेल. ती हो म्हणाली. मग तिनं पुनिताचं नाव सांगितलं. राज्यात दुसरी आली होती, खरी पहिली तीच, तिला घ्या. श्रीनिवास सर म्हणाले, "अगं, तिचं राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र कुठे आहे? ती तिथे गेलीच नाही ना. आमच्या नियमात बसत नाही ती. हिवाळ्यात बोलली असतीस तर गोष्ट वेगळी होती."

फोन ठेवल्यावर ती गच्चीच्या कठड्याला टेकून बसली. समोर गंगेवर नावा चालल्या होत्या. खरं बोलल्यानं हलकं वाटतं असं तिनं ऐकलं होतं. तिला तसं काही वाटलं नाही. फक्त तोंड धुवावंसं वाटलं. खाली जाऊन तिनं अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "बरं केलंस," आणि समोरचं पंचांग मिटून ठेवलं. मग म्हणाले, "त्या मुलीकडे मी जातो." पण ते गेले नाहीत. उपरणं घेऊन दोनदा दारापर्यंत गेले आणि माघारी आले. ज्या माणसानं आयुष्यात सांगितलेला ग्रह कधी मागे घेतला नव्हता, त्याला प्रल्हादघाटाच्या पायऱ्या उतरता आल्या नाहीत. शेवटी ईशानी एकटीच गेली.

पुनिता नावेच्या कडेला बसून दोर वळत होती. वडील गिऱ्हाईक घेऊन गेले होते, ही त्यांची दुसरी नाव. "आओ छोटी," म्हणत तिनं पाटावर जागा केली. ईशानी बसली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. शनी नव्हता, म्हणाली, मी होते. आपल्या गटात यायचं माझं वयच नव्हतं.

पुनितानं दोर खाली ठेवला. "कितने साल?"

"दो."

पुनिता नदीकडे पाहत मोजत राहिली. ओठ हलत होते. एकेक शर्यत, एकेक गाव ती आठवत असावी. लखनौ, गोरखपूर, झाशी. मग ती म्हणाली, "मतलब हम फर्स्ट थे।"

"हां."

"और तुम हमसे बड़ी हो।"

"एक साल."

पुनिता रडली नाही, ओरडली नाही. तिनं विचारलं, तुझ्या वडिलांना माहीत होतं का, मी विचारलं तेव्हा. ईशानीनं होकारार्थी मान हलवली. तेव्हा मात्र पुनिताचा चेहरा उतरला. इतका वेळ ती शर्यतींचा हिशेब करत होती, आता तिला ते पिंपळाखालचे शनिवार आठवले असावेत. ती उठली, नावेत उतरली आणि पाठ फिरवून साचलेलं पाणी डब्यानं उपसू लागली. ईशानी थोडा वेळ उभी राहिली. माफ कर म्हणायचं असं ठरवून आली होती, पण ते शब्द त्या वेळी इतके स्वस्त वाटले की तिनं ते गिळले. पायऱ्या चढून वर आली तरी डब्याचा आवाज खालून येतच होता.

सहा महिन्यांनी संघटनेचं पत्र आलं. ईशानीचे त्या गटातले सगळे निकाल रद्द, आणि एक वर्ष कुठल्याही स्पर्धेत भाग घ्यायला बंदी. पदकं परत मागवली होती. तिनं ती जुन्या साडीच्या कापडात गुंडाळून टपालानं पाठवली. पुनिताला राज्याच्या पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळालं, पण तोवर तिचं वय त्या गटातून बाहेर गेलं होतं आणि तो कागद कुठल्याही कॉलेजच्या कामाचा उरला नव्हता. पुण्याची जागा दक्षिणेतल्या कुठल्याशा मुलीला मिळाली. राजबली सरांनी ईशानीला पुन्हा येऊ नकोस म्हणून सांगितलं. गल्लीत बातमी पोचायला काही वेळ लागला नाही. शास्त्रीबुवांच्या मुलीचं वय खोटं निघालं, असं लोक बोलू लागले, आणि अण्णांकडे पत्रिका घेऊन येणारे काही जण यायचे थांबले. जे आले त्यांच्यासमोरही अण्णा पूर्वीसारखे दरडावून बोलेनासे झाले. कोणी 'पहाटेच्या सुमारास' म्हटलं तर गप्प बसून तेवढ्यावरच मांडायचे.

ईशानीनं इथल्याच कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. वय दुरुस्त करून घ्यायला ती आधार केंद्रात गेली. तिथल्या माणसानं नोंद पाहिली आणि सांगितलं, जन्मतारीख इथे एकदाच बदलता येते, तुमची आधीच बदललेली आहे. पुढे काय करायचं विचारलं तर म्हणाला, लांबलचक काम आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवर तरी हीच आहे ना, राहू द्या की, वय कमी आहे ते चांगलंच आहे. मागच्या रांगेतली बाई हसली. तेव्हापासून प्रत्येक अर्जावर, प्रत्येक परीक्षेच्या कागदावर तिला ते साल स्वतःच्या हातानं लिहावं लागतं.

बंदी उठल्यावर ती लखनौला एका शर्यतीला गेली. एकटीच, रेल्वेनं. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसानं आधार पाहून सांगितलं की तुम्ही अजून वीस वर्षांखालच्या गटात बसता, तिथे स्पर्धा सोपी आहे. ती म्हणाली, नको, खुल्या गटात लिहा. त्यानं खांदे उडवून लिहिलं. त्या गटात पुनिताही होती. तिला आता पोलीसभरतीसाठी मार्क हवे होते म्हणून ती पुन्हा उतरली होती. दोघी एकाच रेषेवर उभ्या राहिल्या, मध्ये चार मुली सोडून. पुनितानं पाहिलं, आणि समोर बघू लागली.

दहा किलोमीटरची शर्यत. पुनिता पाचवी आली, ईशानी अकरावी. रेषा ओलांडल्यावर ईशानी बाजूच्या गवतावर बसली. पुनिता पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या टेबलापाशी उभी होती, इतर मुलींशी बोलत, हसत. तिनं एक बाटली उचलली, झाकण काढलं आणि प्यायली. टेबल दहा पावलांवर होतं. ईशानीला तहान लागली होती, पण पुनिता तिथून हलेपर्यंत ती उठली नाही. मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत बसली.